डॅशबोर्डमागची चिठ्ठी

गल्लीत त्यांचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. शेजारचा टायरवाला, समोरची शिंपीण, पार कोपऱ्यावरचा चहावाला, सगळे त्यांना फ्यूजकाका म्हणत आणि तेही त्या नावाला ओ देत. गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं त्यांचं. एक शटर, आत दोन गाड्या जेमतेम उभ्या राहतील एवढी जागा, भिंतीवर रंगीत वायरींची भेंडोळी आणि कोपऱ्यात सोल्डरिंगचं टेबल. गाडीला साधा जास्तीचा हॉर्न बसवायचा असला तरी काका त्याला स्वतंत्र फ्यूज लावत. गिऱ्हाईक कुरकुरलं की म्हणत, "हॉर्न नाही वाजला तर चालेल. गाडी पेटली तर चालेल का?" यावर माणूस बोलणार काय, कपाळ?

टायरवाला म्हणायचा की काकांना शिंक आली तरी ते आधी फ्यूज बघतात. काका हसायचे आणि काम चालू ठेवायचे. फ्यूज म्हणजे तरी काय, प्लॅस्टिकच्या तुकड्यात बसवलेली एक बारीक तार. वायरीत कुठे गडबड झाली की आधी ती वितळते, करंट तुटतो आणि बाकीची गाडी वाचते. बॅटरीवरून निघणाऱ्या वायरीला वीतभर अंतराच्या आत फ्यूज हवाच, हा काकांचा नियम. हल्लीचे फिटर दोन तारा पिळून वर काळी टेप गुंडाळतात आणि छाती काढून चालतात. त्यांच्याबद्दल काका जे बोलत ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्यांची आणखी एक खोड होती, आणि ती फार थोड्यांना माहीत होती. काम संपलं की फ्यूजच्या रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर ते पेन्सिलीने गाडीचा नकाशा काढत. कुठली वायर कुठून कुठे गेली, कुठे जोड आहे, कुठे किती अँपिअरचा फ्यूज आहे, सगळं. शाई उन्हाने उडते, म्हणून पेन्सिल. वर लिहीत, 'पुढच्या भावास', आणि खाली, 'काम चोख केलं आहे. तूही कर.' पुठ्ठा छोट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून स्टिरिओच्या मागे चिकटवून टाकत. पुढे कधी कुणी दुसरा कारागीर ती गाडी उघडेल, त्याने अंधारात चाचपडू नये म्हणून. खाली नाव घालत नसत. काकूंनी एकदा विचारलं तर म्हणाले, "अगं, नाव घालायला ती काय लग्नपत्रिका आहे?"

काकू सोल्डरिंगच्या टेबलावर बसत. लग्न झालं तेव्हा त्यांना बल्ब बदलता येत नव्हता. तीस वर्षांत काकांनी त्यांना हळूहळू सगळं शिकवलं आणि आता जोड त्यांच्याच हातचे जास्त सुबक येत. हे काका चारचौघांत कबूल करत आणि काकू तेवढ्यापुरत्या लाजत. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. तिचा आठवड्याला फोन यायचा. बाकी दिवसभर ही दोघं, मधे एखादी उघडी गाडी आणि काकांची बडबड. काकूंना याहून जास्त काही नको होतं.

मग ते सुरू झालं. कधी सुरू झालं हे काकूंना नेमकं सांगता आलं नसतं. एकदा काका हातात पक्कड धरून पक्कड शोधत होते. त्यावर दोघं हसली. एकदा एका गाडीत त्यांनी दोन चिठ्ठ्या लिहिल्या, दोन्ही सारख्या, अर्ध्या तासाच्या अंतराने. त्यावर काकू एकट्याच हसल्या, आणि ते हसू खरं नव्हतं. मग एके दिवशी काकांनी 'झाली' म्हणून सांगितलेल्या गाडीत त्यांना अर्थिंगचा बोल्ट बोटाने फिरेल इतका सैल मिळाला. काकांच्या हातून सैल बोल्ट! काकूंनी बोल्ट आवळला आणि त्या परत टेबलावर जाऊन बसल्या.

त्या दिवसापासून त्यांनी एक पद्धत पाडली. गाडी झाली की काकांना म्हणायचं, "दमलात, जा, चहा घेऊन या." ते कोपऱ्यावर गेले की टेस्टरचा दिवा घेऊन गाडीत शिरायचं आणि वायरी एकेक करून बघायच्या. कधी काही निघायचं नाही. कधी डाव्या स्पीकरची वायर उजव्याला असायची. काकू भराभर दुरुस्त करायच्या आणि काका परत यायच्या आत टेबलावर येऊन बसायच्या. काका येऊन म्हणायचे, "बघ, कशी झालीय गाडी." त्या म्हणायच्या, "तुमचंच काम ते, त्यात काय बघायचं?" आठ-नऊ महिने असे गेले. मुलीला सांगितलं नाही, डॉक्टरकडे नेलं नाही. डॉक्टर काय म्हणेल ते काकूंना न जाताच कळलं होतं, आणि दुकान बंद झाल्यावर या माणसाचं उरणार काय, हा प्रश्न त्यांना डॉक्टरपेक्षा मोठा वाटत होता.

त्यातच ती एसयूव्ही आली. मालक जमिनीची मोजणी करणारा होता, आठवडा-आठवडा आडरानात मुक्काम करणारा. गाडी दणकट, पण आतला स्टिरिओ सीडीच्या जमान्यातला. त्याच्या जागी त्याला मोठी स्क्रीन हवी होती, मागे कॅमेरा, टपावर दिव्यांची पट्टी, आणि डिकीत एक इन्व्हर्टर आणि छोट्या फ्रिजसाठी सॉकेट. म्हणजे बॅटरीवरून एक जाड लाल वायर आतल्या गालिच्याखालून, मागच्या सीटखालून थेट डिकीपर्यंत न्यायची. काकांचे डोळे चमकले. असलं काम हल्ली कुठे येतं? नव्या गाड्यांना स्क्रीन कंपनीतूनच लागून येते.

नेमकं त्याच वेळी काकूंच्या बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. दोन दिवस जायलाच हवं होतं.

"तुम्ही नुसती स्क्रीन बसवा," काकू म्हणाल्या. "मोठी वायर मी आल्यावर ओढू."

"का?"

"उगाच. दोघांनी मिळून करू."

"अगं, ती वायर ओढायला काय दोन माणसं लागतात? मी काय आज शिकतोय?"

खरं कारण सांगायचं काकूंच्या जिवावर आलं. त्या दोन दिवसांनी परत आल्या तेव्हा गाडी गेलेली होती आणि काका खुशीत होते. त्यांनी दोन दिवसांत सगळं काम उरकलं होतं, मोजणीवाल्याने हात हातात घेऊन आभार मानले होते. काकूंनी रात्रीच्या जेवणाआधी कपडे धुवायला घेतले. काकांच्या कामाच्या एप्रनच्या खिशात एक नवाकोरा फ्यूज होल्डर होता, पाकीट न फोडलेला, चाळीस अँपिअरचा. जास्तीचा आणलेला असेल, असं काकूंना वाटलं. त्यांनी तो पुसून दुसऱ्या दिवशी दुकानातल्या डब्यात ठेवून दिला.

तीन आठवड्यांनी मोजणीवाला परत आला. गाडी दुसऱ्या गाडीने ओढून आणली होती. तो आत आला आणि त्याने काउंटरवर एक बूट ठेवला. लहान मुलीचा, सहा वर्षांच्या पोरीच्या मापाचा. त्याचा तळवा वितळून एका बाजूला ओघळला होता.

"काका, मुली मागे बसल्या होत्या," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "थोरली म्हणाली, बाबा, सीटखालून गरम लागतंय. मी म्हटलं, ऊन आहे. मग धाकटी म्हणाली, खेळणं जळल्यासारखा वास येतोय. तेव्हा थांबलो. दार उघडून दोघींना बाहेर ओढलं आणि गालिचा उचलला, तर खालची वायर लाल झालेली. पान्याने बॅटरी सोडवली. धाकटी बूट काढून पाय वर घेऊन बसली होती म्हणून वाचली. तिला सवय आहे तशी."

काकांनी बूट हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"माझ्या हातची गाडी?" ते म्हणाले. "शक्य नाही. वायर कुठे घासली असेल तर फ्यूज उडेल, वायर तापणार नाही. त्यासाठीच तर असतो तो. थांबा, चिठ्ठी बघू. चिठ्ठीत सगळं असतं."

आणि ते निघालेच. प्लॅस्टिकच्या पात्याने डॅशबोर्डची पट्टी त्यांनी अलगद उचकटली, चार स्क्रू काढले, स्क्रीन पुढे ओढली. हात एकदाही अडखळला नाही. मागची पिशवी सोडवून त्यांनी चिठ्ठी बाहेर काढली आणि मोजणीवाल्यापुढे धरली. सुरेख नकाशा होता. बॅटरी, तिच्यापासून निघालेली जाड रेघ, वीतभर अंतरावर एक चौकोन आणि चौकोनात चाळीसचा आकडा.

"हा बघा फ्यूज," काका म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "म्हटलं नव्हतं?"

मोजणीवाल्याने बॉनेट उघडलं. जाड लाल वायर बॅटरीच्या टोकापासून निघाली होती आणि सरळ आत गेली होती. मधे काही नव्हतं. टोकाला काकांच्या पद्धतीचं दुहेरी आवरण होतं, आधी लाल आणि त्यावर काळं, जे या गावात दुसरं कुणी घालत नव्हतं. काकांनी वायरीवरून बोट फिरवत नेलं, परत आणलं, परत नेलं.

"कुणीतरी काढलाय," ते म्हणाले.

"तुमच्याकडून नेल्यापासून बॅटरी सोडवायच्या क्षणापर्यंत बॉनेट मी उघडलं नव्हतं, काका."

"मग कुणीतरी काढलाय. मी फ्यूज लावल्याशिवाय वायर सोडत नाही. हिला विचारा. तीस वर्षं बघतेय ती. सांग गं यांना."

दोघे काकूंकडे बघू लागले. आठ-नऊ महिने काकूंनी ज्याच्यासाठी आटापिटा केला होता ते सगळं आता त्यांच्या एका वाक्यावर आलं होतं. 'हो, हे लावल्याशिवाय सोडत नाहीत' असं म्हटलं असतं तर ते खोटंही नव्हतं. काकांचा चेहरा तसाच राहिला असता. आणि उद्या आणखी एखादी गाडी आली असती, तिच्यात आणखी कुणाची पोरं बसली असती. काकूंनी त्या बुटाकडे पाहिलं. मग त्या आत गेल्या, डबा काढला आणि तो फ्यूज होल्डर आणून काउंटरवर बुटाशेजारी ठेवला.

"तुमच्या एप्रनच्या खिशात होता," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी धुवायला घेताना सापडला. मला वाटलं, जास्तीचा आहे."

काका पाकिटाकडे बघत राहिले. ते उलटसुलट करण्याचंही त्यांना सुचलं नाही.

"आणि हे पहिल्यांदा नाही," काकू म्हणाल्या. आता सुरुवात केलीच होती तर त्यांना थांबता येईना. "बोल्ट सैल राहतात. वायरी उलट्या लागतात. तुम्ही चहाला जाता तेव्हा मी बघते सगळं. त्या दोन दिवसांत मी इथे नव्हते."

"कधीपासून?"

"झाले आठ-नऊ महिने."

"म्हणजे मी चहाला जायचो..." काका म्हणाले. ते स्टुलावर बसले. मोजणीवाल्याने मान खाली घातली. भांडायच्या तयारीने आला होता बिचारा, आता कुठे बघावं ते त्याला कळेना.

गाडी त्याच दिवशी दुरुस्त केली. काकांनी हत्याराला हात लावला नाही. "तू कर," म्हणाले. ते स्टुलावर बसून सांगत होते आणि काकू करत होत्या. जळलेली वायर काढ, ती जिथे घासली त्या पत्र्याच्या भोकाला रबरी कडं घाल, आधी होल्डर, मग वायर. एकही पायरी चुकली नाही. सांगताना सगळं जागेवर होतं. ते ऐकताना काकूंना वाटलं, हे सगळंच्या सगळं गेलं असतं तर निदान धरून बसण्यासारखं काही उरलं नसतं. हे असं कुठलं तरी मधलंच एक पान फाडून नेणं त्यांना जास्त दुष्टपणाचं वाटलं. जाताना मोजणीवाला म्हणाला, "मी कुणाला सांगणार नाही, काकू. पण काकांना आता..." त्या म्हणाल्या, "हो, कळलं." बूट तो घेऊन गेला.

खरं संकट संध्याकाळी लक्षात आलं, आणि तेही काकांच्याच.

"बाकीच्या गाड्या?" ते म्हणाले.

कुठल्या बाकीच्या? काकूंनी तपासायला सुरुवात केली त्याआधीच्या. हे किती दिवसांपासून चालू होतं कुणास ठाऊक. आणि कुठल्या गाडीत काय केलं याची दुकानात एका ओळीची नोंद नव्हती. नोंदी होत्या, हजारभर असतील, एकीपेक्षा एक सुबक. पण त्या सगळ्या त्या त्या गाडीच्या डॅशबोर्डमागे चिकटवलेल्या होत्या आणि गाड्या जगभर फिरत होत्या. आयुष्यभर या माणसाने पुढच्याची सोय पाहिली आणि स्वतःकडे काही ठेवलं नाही.

काकूंच्या फोनमध्ये ज्यांचे नंबर होते त्यांना त्यांनी एकेक करून बोलावलं. 'मोफत तपासणी' असं सांगितलं, खरं सांगायची हिंमत झाली नाही. अकरा जण आले. दहा गाड्या ठीक होत्या. अकराव्या गाडीत टपावरच्या दिव्यांना फ्यूज नव्हता आणि चिठ्ठीतल्या नकाशात मात्र तो दाखवलेला होता. काकूंनी तो लावला आणि शटरमागे जाऊन रडल्या. नंबर नसलेल्यांचं काय करायचं? काका दुकानाबाहेर खुर्ची टाकून बसू लागले. रस्त्याने गाडी गेली की विचारत, "ही आपली का गं?" काकूंना बहुतेक वेळा माहीत नसे. ज्या दोन-तीन ओळखू आल्या त्यांच्यामागे त्या चपला घालून सिग्नलपर्यंत धावल्या, एक गाठली, बाकीच्या निघून गेल्या. रात्री आगीच्या बंबाचा आवाज आला की त्या अंथरुणात उठून बसत.

महिन्याभरात दुकान बंद केलं. शेवटच्या दिवशी काकांनी हत्यारं एकेक पुसून पेटीत लावली. मग फ्यूजच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून पेन्सिलीने काहीतरी लिहिलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं आणि पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलं.

"हे कुणासाठी?" काकूंनी विचारलं.

"जो उघडेल त्याच्यासाठी," काका म्हणाले, आणि त्यांच्याकडे न बघता पेटी बंद केली. त्या वेळी ते पूर्ण भानावर होते. काकूंना ते नंतर फार आठवत राहिलं.

याला आता दीड वर्ष झालं. दुकानाच्या जागी झेरॉक्सवाला बसतो. काका घरी असतात. मुलगी येऊन जाते तेव्हा तिला ते ओळखतात, पण थोडी लहान समजतात. काकूंना कधी नावाने हाक मारतात, कधी 'बाई' म्हणतात. सकाळी आंघोळ झाली की मात्र ते न चुकता पलंगाखालची पेटी ओढतात. कामावर जायचं असतं त्यांना. काकूंनी पेटी दोनदा लपवून पाहिली, तर ते दिवसभर घरात ती शोधत फिरले आणि जेवले नाहीत. म्हणून ती तिथेच असते.

आजही त्यांनी पेटी ओढली, झाकण उघडलं, आणि आतला पुठ्ठा दिसला तसे थबकले. रोज थबकतात. पिशवीतून पुठ्ठा काढून खिडकीपाशी नेला आणि मोठ्याने वाचू लागले.

"'पुढच्या भावास. ही पेटी ज्याची होती त्याने एका गाडीत बॅटरीवरून मोठी वायर नेली आणि फ्यूज लावला नाही. मागच्या सीटवर दोन मुली होत्या. त्या वाचल्या, पण त्यात याचं काही कर्तृत्व नाही. याने केलेल्या आणखी गाड्या रस्त्यावर आहेत. सापडल्या तर बघून घे.'"

काकांनी वाचून दोनदा मान हलवली. "अक्षर चांगलं आहे हो," ते म्हणाले. "कोण होता हा?"

"होता एक," काकू म्हणाल्या.

"मुलींना काही झालं नाही ना?"

"नाही. दोघी बऱ्या आहेत."

"नशीब त्यांचं." काका पेटीतली पक्कड मांडीवर घेऊन पलंगावर बसले. त्यांचा चेहरा लाल झाला होता, पूर्वी पिळलेल्या तारा बघून व्हायचा तसा. "दोन पोरी मागे बसलेल्या, आणि याने फ्यूज लावला नाही? लाज कशी वाटली नाही याला? मी सांगतो बाई तुम्हाला, असल्या माणसाला हत्याराला हात लावू देऊ नये."

"नाही देत," काकू म्हणाल्या, आणि काकांच्या मांडीवरची पक्कड उचलून त्यांनी पेटीत ठेवली.